फाइल्स आहेत, पण कॉम्प्युटर सुरूच होत नाही! बूटेबल फुल-सिस्टम बॅकअप म्हणजे काय आणि तो कसा घ्यायचा?

२७ जून २०१७. पनवेलच्या शेजारच्या उरण तालुक्यात, न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. संप नव्हता, वादळ नव्हतं, क्रेनही बिघडल्या नव्हत्या. बंद पडले होते ते कॉम्प्युटर. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या जहाजावर चढवायचाय, कोणत्या ट्रेलरला द्यायचाय, हे सांगणारी यंत्रणाच सुरू होत नव्हती. देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरातल्या या टर्मिनलवर माणसांना हाताने नोंदी करून काम ढकलावं लागलं.

हे टर्मिनल होतं 'गेटवे टर्मिनल्स इंडिया'. ते चालवणारी 'एपीएम टर्मिनल्स' ही डेन्मार्कच्या 'मर्स्क' समूहाची कंपनी. त्या दिवशी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या मर्स्कचे कॉम्प्युटर एकाच वेळी पाडले होते.

या घटनेत आपल्यासारख्या साध्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक मोठा धडा आहे. तो समजून घेतला की 'बूटेबल फुल-सिस्टम बॅकअप' हा जड वाटणारा शब्द सोपा होतो. आणि तो घेणं किती गरजेचं आहे हेही कळतं.

नेमकं काय झालं होतं?

नॉटपेट्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे हिशोबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. एका कॉम्प्युटरमधून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यात, असं करत तो थेट उरणपर्यंत पोचला.

हा व्हायरस फक्त फाइल्सच्या मागे नव्हता. कॉम्प्युटर सुरू करताना डिस्कचा जो सुरुवातीचा भाग वाचला जातो, त्यावरच तो स्वतःला लिहायचा. मग मशीन रीस्टार्ट व्हायचं. स्क्रीनवर 'डिस्क तपासतोय' असं खोटंच दिसायचं आणि त्या आडून डिस्कवरची फाइल्सची अनुक्रमणिकाच कुलूपबंद व्हायची. शेवटी ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, अशी मागणी यायची. पण पैसे भरूनही काही उपयोग नव्हता, कारण डेटा परत मिळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते का? होते. बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. पण एका गोष्टीचा बॅकअप कुठेच सापडेना. 'डोमेन कंट्रोलर' म्हणजे कोणता कर्मचारी कोण, कोणाला कुठे प्रवेश, हे ठरवणारे सर्व्हर. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक पडला तर दुसरा आहेच, असा हिशोब. पण सगळेच एकदम पडतील हे धरलेलं नव्हतं.

अखेर घानामधल्या ऑफिसात एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता आणि वाचला. इंटरनेटवरून तो डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. म्हणून हार्ड डिस्क माणसाच्या हाती देऊन, नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या माणसाकडे सोपवून, ती इंग्लंडला नेण्यात आली.

पुढे मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन्स पुन्हा बसवली. कंपनीच्या अंदाजानुसार या सगळ्या प्रकारात २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झालं.

म्हणजे डेटा बऱ्यापैकी हाताशी होता. नव्हती ती मशीन पुन्हा उभी करण्याची तयारी. घरातल्या किंवा दुकानातल्या एका कॉम्प्युटरबाबतही नेमकं हेच होतं.

फाइल्सचा बॅकअप आणि सिस्टमचा बॅकअप, फरक काय?

आपण 'बॅकअप घेतलाय' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फोटो, वर्ड-एक्सेलच्या फाइल्स किंवा टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर नाहीतर गूगल ड्राइव्हवर टाकलेला असतो. हे चांगलंच आहे. पण ही झाली फक्त फाइल्सची प्रत.

आता लॅपटॉपची डिस्क बिघडली असं समजा. दुकानदार नवी डिस्क टाकून विंडोज बसवून देतो. मग खरी कामं सुरू होतात. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, टॅली टाका आणि लायसन्स पुन्हा चालू करा, डिजिटल सहीच्या डोंगलचं सॉफ्टवेअर टाका, मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट बसवा, ब्राउझरमधले पासवर्ड आठवा. फाइल्स परत यायला अर्धा तास लागतो, पण कॉम्प्युटर पहिल्यासारखा व्हायला दोन-तीन दिवस जातात. जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

फुल-सिस्टम बॅकअप म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रत. त्यात ऑपरेटिंग सिस्टम, सगळी सॉफ्टवेअर, त्यांची सेटिंग्ज, ड्रायव्हर, फॉन्ट, फाइल्स, आणि डिस्कचे एरवी न दिसणारे भागसुद्धा येतात. तो परत टाकला की कॉम्प्युटर बॅकअप घेतला त्या दिवशी जसा होता तसाच्या तसा समोर येतो.

आणि 'बूटेबल' म्हणजे ज्याच्यावरून कॉम्प्युटर सुरू होऊ शकतो असा. कारण आतली विंडोज मेली असेल, तर बॅकअप परत टाकायला तरी कॉम्प्युटर कसा सुरू करणार?

कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे काय होतं?

पॉवरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज जागी होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला 'बायोस' म्हणत, नव्या मशीनमध्ये 'यूईएफआय' असतो. तो डिस्कवरच्या एका छोट्या, लपलेल्या भागात जातो. तिथे 'बूटलोडर' असतो. बूटलोडर विंडोजला किंवा लिनक्सला उठवतो, आणि मग आपल्याला लॉगिनची स्क्रीन दिसते.

'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसणारा सी ड्राइव्ह म्हणजे अख्खी डिस्क नव्हे, हे इथे लक्षात घ्या. बूटलोडरचा भाग तिथे दिसतच नाही. म्हणून सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करून दुसऱ्या डिस्कवर कॉपी-पेस्ट केलं तरी त्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. ती प्रत बूटेबल नसते.

या साखळीतली एक कडी तुटली तरी बाकी सगळं शाबूत असून मशीन बंद राहतं. १९ जुलै २०२४ ला जगाने हे पुन्हा पाहिलं. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कोणाचाही डेटा गेला नव्हता. एक फाइल काढली की मशीन सुरू होणार होतं, पण ती काढण्यासाठी आधी मशीन कसंतरी सुरू व्हायला हवं होतं. शेवटी मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारं टूल दिलं.

सारखी वाटणारी, पण वेगळी असलेली नावं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून एकेक पाहू.

रिस्टोअर पॉइंट: विंडोज स्वतःच्या सेटिंग्ज आणि सिस्टम फाइल्सची जुनी अवस्था त्याच डिस्कवर जपून ठेवते. एखादं अपडेट बिघडलं तर उपयोगी. डिस्कच गेली तर तीही गेली. हा बॅकअप नाही.

रिकव्हरी ड्राइव्ह: विंडोजमधूनच बनवता येणारा बूटेबल पेनड्राइव्ह. यावरून कॉम्प्युटर सुरू होतो, दुरुस्तीची साधनं मिळतात, विंडोज नव्याने बसवता येते. पण तुमच्या फाइल्स आणि तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर त्यात नसतात.

सिस्टम इमेज: संपूर्ण डिस्कची प्रत, एका फोल्डरमध्ये बंद केलेली. एका बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या अनेक इमेज राहू शकतात. पण इमेज स्वतः सुरू होत नाही, ती परत टाकण्यासाठी बूटेबल पेनड्राइव्ह लागतो.

क्लोन: एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत. मूळ डिस्क काढून ही लावली की मशीन लगेच सुरू. हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकताना हेच करतात. पण एका डिस्कवर एकच क्लोन राहतो.

घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी सगळ्यात व्यवहारी जोडी म्हणजे एक बूटेबल पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली सिस्टम इमेज. दोन्ही हवेत. एकाशिवाय दुसरं अपुरं.

याची गरज खरंच कोणाला आहे?

ज्याचा लॅपटॉप फक्त यूट्यूब आणि मेलसाठी आहे, त्याला फाइल्सचा बॅकअप पुरतो. विंडोज नव्याने टाकली तरी फारसं बिघडत नाही. पण खालच्या लोकांनी हे टाळू नये.

पहिले म्हणजे हिशोबाची कामं करणारे. पनवेल-कळंबोलीत ट्रान्सपोर्ट, गोदामं, स्टील मार्केट आणि बंदराशी जोडलेली कितीतरी छोटी ऑफिसं एकाच कॉम्प्युटरवर चालतात. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचं बंधन आहे. त्या रोजच्या बॅकअपची जागा सिस्टम इमेज घेत नाही. पण तो डेटा उघडणारं मशीन तासाभरात उभं करण्याचं काम तीच करते.

दुसरे मराठी डीटीपीवाले. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कार्यअहवाल करणाऱ्या अनेकांकडे आजही जुनं पेजमेकर आणि श्री-लिपीसारखं जुनं सॉफ्टवेअर चालू असतं. त्या काळच्या सीडी हरवलेल्या, ड्रायव्हर आता मिळत नाहीत. असं मशीन एकदा गेलं की त्यातल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स दुसरीकडे नीट उघडणंही कठीण. या मंडळींसाठी इमेज ही चैन नाही, तेवढा एकच मार्ग आहे.

तिसरे विंडोज १० वाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जे आता विंडोज ११ वर जाणार आहेत, त्यांनी आधी पूर्ण इमेज घ्यावी. नवीन विंडोजवर प्रिंटर किंवा जुनं सॉफ्टवेअर चाललं नाही तर मागे यायचा रस्ता राहतो.

सुरुवात करण्याआधी काय लागेल?

१. एक पेनड्राइव्ह, ८ जीबी किंवा जास्त. यावरचं सगळं पुसलं जाईल, त्यामुळे रिकामा घ्या.

२. एक बाहेरची हार्ड डिस्क. तुमच्या डिस्कवर जितकी जागा वापरलेली आहे, त्यापेक्षा मोठी. दोन-तीन इमेज ठेवायच्या असतील तर १ टीबी बरी.

३. बिटलॉकरची की. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. बॅकअप परत टाकल्यावर किंवा बूटची सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ आकडी की मागू शकते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच लॉगिन करून शोधा आणि कागदावर लिहून घ्या.

४. बूट मेनूचं बटण. मशीन सुरू होताना एफ १२, एफ ९, एफ ११ किंवा एस्केप यापैकी एक बटण दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारलं जातं. कंपनीनुसार बटण बदलतं. तुमचं कोणतं, ते तपासून ठेवा.

५. चार्जर लावलेला असू द्या. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर चालवा.

बॅकअप कसा घ्यायचा? एकेक पायरी

यासाठी अनेक सॉफ्टवेअर आहेत. इथे आपण 'क्लोनझिला' घेऊ. हे मोफत आणि ओपन सोर्स आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्राने बनवलेलं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींची इमेज घेतं. दिसायला जुनाट, काळ्या-निळ्या स्क्रीनचं आहे, पण भरवशाचं. माउसने चालवायचं असेल तर त्याच धर्तीवरचं 'रेस्क्यूझिला' वापरू शकता.

पायरी १: क्लोनझिलाच्या अधिकृत साइटवरून त्याची आयएसओ फाइल उतरवा. साधारण अर्ध्या जीबीची असते.

पायरी २: 'रूफस' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती फाइल पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट करू नका, तसा पेनड्राइव्ह बूट होईलच असं नाही.

पायरी ३: विंडोज पूर्ण बंद करा. नेहमीच्या शटडाउनमध्ये 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज अर्धवट झोपते आणि डिस्क उघडीच राहते. शिफ्ट बटण दाबून ठेवून शटडाउन केलं की ती खरोखर बंद होते.

पायरी ४: पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करा, बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडा. सुरूच झालं नाही तर 'सिक्युअर बूट' आड येत असेल. बिटलॉकरची की हाताशी असेल तरच ती सेटिंग तात्पुरती बंद करा, काम झाल्यावर पुन्हा चालू करा.

पायरी ५: भाषा आणि कीबोर्ड निवडल्यावर 'डिव्हाइस-इमेज' हा पर्याय घ्या, मग 'लोकल डिव्हाइस'. आता बाहेरची डिस्क लावा आणि इमेज ठेवण्यासाठी ती निवडा.

पायरी ६: 'बिगिनर' मोड घ्या आणि 'सेव्हडिस्क' निवडा. इथे सावध राहा. 'सेव्हडिस्क' म्हणजे प्रत घेणं, 'रिस्टोअरडिस्क' म्हणजे जुनी प्रत डिस्कवर टाकणं. दुसरं चुकून निवडलं तर आत्ताचा सगळा डेटा पुसला जाईल.

पायरी ७: इमेजच्या नावात मशीनचं नाव आणि तारीख टाका. वर्षभराने चार इमेज समोर असतील तेव्हा हेच नाव कामाला येतं.

पायरी ८: इमेज तयार झाल्यावर ती तपासायची का, असं विचारलं की 'हो' म्हणा. वेळ वाढतो, पण इमेज अर्धवट लिहिली गेली असेल तर ते तिथल्या तिथे कळतं.

मग चहा घ्या. डिस्क किती भरलेली आहे आणि यूएसबीचा वेग किती, यावर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. क्लोनझिला फक्त वापरलेल्या जागेची प्रत घेतं आणि ती दाबून लहान करतं. पण बिटलॉकर चालू असेल तर वापरलेली जागा ओळखता येत नाही आणि इमेज जवळपास पूर्ण डिस्कएवढी होऊ शकते.

विंडोज, मॅक, लिनक्सवर दुसरे मार्ग?

विंडोज: कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाखाली इमेज घेण्याची सोय अजून आहे. पण मायक्रोसॉफ्टने तिचा विकास थांबवला आहे आणि २०१७ पासून स्वतःच दुसरी सॉफ्टवेअर वापरायचा सल्ला दिला आहे. विंडोजमधूनच, काम न थांबवता, ठरलेल्या वेळी आपोआप इमेज हवी असेल तर 'वीम एजंट'ची मोफत आवृत्ती चांगली. तिच्यासोबत बूटेबल पेनड्राइव्ह बनवायला मात्र विसरू नका.

मॅक: पूर्वी मॅकचा बूटेबल क्लोन बनवणं सोपं होतं. २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून ॲपलने सिस्टमचा भाग सीलबंद केला. एम १ आणि पुढच्या चिपच्या मॅकमध्ये आतली स्टोरेज पूर्ण मेली तर बाहेरच्या डिस्कवरूनही मशीन सुरू होत नाही. म्हणून मॅकवर आता सरळ मार्ग असा: टाइम मशीनने नियमित बॅकअप, आणि गरज पडल्यास रिकव्हरीतून मॅकओएस बसवून 'मायग्रेशन असिस्टंट'ने सगळं परत आणणं.

लिनक्स: 'टाइमशिफ्ट' लोकप्रिय आहे, पण ते मुळात सिस्टमपुरतं आहे. तुमचं होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. पूर्ण प्रतीसाठी क्लोनझिलाच वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं: बॅकअप चालतो का ते तपासलं का?

परत टाकून न पाहिलेला बॅकअप म्हणजे फक्त आशा. बहुतेकांना बॅकअपमधली खोट कळते ती नेमकी अडचणीच्या दिवशी. म्हणून तीन तपासण्या करा.

पहिली, पाच मिनिटांची: बूटेबल पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होतं का? आतली डिस्क त्यात दिसते का? काही इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्कची एक खास सेटिंग असते, त्यामुळे लिनक्सवर आधारित टूलला डिस्क दिसतच नाही. हे आज कळलं तर दुसरं टूल निवडता येईल.

दुसरी, अर्ध्या तासाची: बाहेरच्या डिस्कवरची इमेज क्लोनझिलाच्या 'चेक इमेज' पर्यायाने पुन्हा तपासा. सहा महिने कपाटात पडलेली डिस्कही बिघडू शकते.

तिसरी, खरी परीक्षा: जुनी डिस्क काढून तिच्या जागी एखादी जादाची डिस्क लावा, तिच्यावर इमेज टाका आणि मशीन सुरू करून बघा. ही डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, लहान चालत नाही. टॅली उघडतंय, प्रिंट निघतेय, मराठी टाइप होतंय, हे पाहा. ऑफिसच्या मशीनसाठी वर्षातून एकदा तरी हे कराच. स्वतःला जमत नसेल तर ओळखीच्या टेक्निशियनला पैसे देऊन करून घ्या.

बॅकअप ठेवायचा कुठे आणि किती दिवसांनी घ्यायचा?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

दुसऱ्या जागी का? २६ जुलै २००५ चा पाऊस रायगडकर विसरलेले नाहीत. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूणची दुकानं पाण्याखाली गेली. अशा वेळी टेबलावरचा कॉम्प्युटर आणि खालच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क एकत्रच भिजतात. तळमजल्यावर ऑफिस असेल तर एक डिस्क घरी किंवा वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा.

आणि बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम लावून ठेवू नका. लावलेली डिस्क व्हायरसला तुमच्या सी ड्राइव्हइतकीच सहज मिळते. घानामधला तो सर्व्हर वाचला तो तुटलेला होता म्हणूनच. त्यांच्याकडे तो योगायोग होता. आपण केबल काढून तेच ठरवून करू शकतो.

किती वेळा? कामाच्या फाइल्सचा बॅकअप रोज. पूर्ण इमेज दर तीन महिन्यांनी, आणि विंडोज बदलण्याआधी, मोठं सॉफ्टवेअर टाकण्याआधी, लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी. व्यापाऱ्यांनी ३१ मार्चला एक इमेज घेऊन ती वेगळी ठेवावी. आर्थिक वर्षही संपतं आणि योगायोगाने त्याच दिवशी 'जागतिक बॅकअप दिन'ही असतो. जुनी इमेज लगेच पुसू नका. व्हायरस शिरल्यानंतर घेतलेल्या इमेजमध्ये व्हायरसही असतो, तेव्हा त्याआधीची प्रत हवी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एका लॅपटॉपची इमेज दुसऱ्यावर चालेल का? विंडोज १० आणि ११ बऱ्याचदा सुरू होतात, पण खात्री नाही. ड्रायव्हर बदलावे लागतात, आणि लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स सहसा त्याच मदरबोर्डला बांधलेलं असतं. टॅलीसारखी सॉफ्टवेअरही पुन्हा ॲक्टिव्हेट करावी लागतात.

डिस्क आवाज करतेय, आता इमेज घेऊ का? आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स काढा, मग इमेज. खरखर किंवा टकटक आवाज वाढला तर मशीन बंद करून जाणकाराकडे न्या. मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास काम चालवलं तर उरलेलंही जातं.

क्लाउडवर सगळं आहे, मग हे कशाला? क्लाउडवर फाइल्स असतात, चालू कॉम्प्युटर नसतो. शिवाय सिंक चालू असेल तर इथे खराब झालेली फाइल तिकडेही खराब होऊ शकते.

बॅकअप डिस्क कोणाच्या हाती पडली तर? इमेजमध्ये तुमचं सगळं असतं. आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंट, ब्राउझरमधले पासवर्ड. म्हणून इमेज पासवर्डने बंद करा किंवा डिस्क कुलपात ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा.

थोडक्यात

एक पेनड्राइव्ह, एक बाहेरची डिस्क आणि सुट्टीच्या दिवशीची एक दुपार, एवढाच खर्च आहे. त्या बदल्यात 'फॉरमॅट मारावा लागेल' हे दुकानदाराचं वाक्य ऐकून पोटात गोळा येत नाही. आधी बिटलॉकरची की शोधून कागदावर लिहा. मग बूटेबल पेनड्राइव्ह बनवून मशीन त्यावरून सुरू होतं का ते बघा. इमेज घ्या, तपासा, डिस्क काढून दुसऱ्या जागी ठेवा. ज्यांच्या घरात किंवा ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर सगळा धंदा चालतो, त्यांच्यापर्यंत ही माहिती नक्की पोचवा.